कोकणातल्या पोरांनी एनसीसी एअर विंगची सुरुवात कुठून करायची

दरवर्षी मे महिन्यात, इकडे आंब्याच्या पेट्या भरायची घाई चालू असताना, एक फोन हमखास येतो. कोणाचा तरी भाऊ नाहीतर मावसभाऊ असतो, म्हणतो पोरगीला पायलट व्हायचंय, एनसीसीत घालायचं म्हणतोय, पण आपल्याकडे एअर विंग आहे का? मी एका हातात पेटी धरून जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो आणि निम्मं राहून जातं, म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून काढतोय, पुढच्या मे मध्ये हेच पाठवून देईन.

मी देवगड तालुक्यातला. कॉलेजला मुंबईत होतो, तिथे तीन वर्षं एअर विंग केली, सी सर्टिफिकेट घेतलं. पायलट झालो नाही, ते पुढे येईलच. आता आंब्याची कलमं बघतो आणि पाऊस संपला की रविवारी गावातल्या सात-आठ पोरांना घेऊन सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या मोकळ्या कातळावर, हाताने फेकायची छोटी ग्लायडर उडवतो. आजीला पहिल्यांदा सांगितलं होतं की मी विमानवाल्या एनसीसीत गेलोय, तर ती म्हणाली, "झिला, होडयेतसून पडलंस तर पोवान तरी येशीत, इमानातसून पडलंस तर खंय पोवतलंस?" तिला उत्तर देता आलं नाही, अजून देता येत नाही.

आधी एनसीसी म्हणजे काय ते

एनसीसी म्हणजे नॅशनल कॅडेट कोअर, शाळा-कॉलेजातल्या पोरांना फौजेसारखं ट्रेनिंग देणारी संघटना. तिचा कायदा १९४८ चा, एअर विंग १९५० पासून. आर्मी, नेव्ही, एअर अशा तीन विंग असतात. शाळेतल्या पोरांची ज्युनियर डिव्हिजन, पोरींची ज्युनियर विंग, साधारण आठवी-नववीला नाव घालतात, दोन वर्षं ट्रेनिंग आणि शेवटी ए सर्टिफिकेट. कॉलेजची सीनियर डिव्हिजन आणि सीनियर विंग, तीन वर्षं, दुसऱ्या वर्षाला बी आणि तिसऱ्याला सी. आणि आई-बाबांसाठी महत्त्वाचं, एनसीसी केली म्हणून फौजेत जायची सक्ती नाही, कुठलाही बॉण्ड नाही. माझ्या बॅचचे कितीतरी जण आज बँकेत आहेत, एकजण मालवणात स्कुबाच्या बोटी चालवतो.

आपल्याकडे काय आहे आणि काय नाही

खरं सांगायचं तर एअर विंग आपल्या दारात नाही. रत्नागिरीला एनसीसीचं नेव्हीचं युनिट आहे, सिंधुदुर्गात ओरोसला आर्मीची बटालियन आहे, आणि एअर स्क्वाड्रन म्हटलं की मुंबई, पुणे, नागपूर अशी मोठी शहरं. २०२० च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी सीमेवरच्या आणि समुद्रकाठच्या १७३ जिल्ह्यांत एनसीसी वाढवायची घोषणा केली होती, एक लाख नवे कॅडेट, त्यात एक तृतीयांश मुली, आणि ट्रेनिंग द्यायला समुद्रकाठी नेव्ही, एअर फोर्सच्या तळाजवळ एअर फोर्स. म्हणजे आपल्या वाट्याला नेव्हीच येणार, आणि त्यात काही चूक नाही, समुद्र आपल्याच पुढ्यात आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच की एअर विंगची वाट बघत बसू नका. शाळेत जी विंग असेल ती घ्या. ड्रिल, फायरिंग, फर्स्ट एड, लीडरशिप, समाजसेवा हे सगळ्या विंगला कॉमनच असतं, फरक पडतो तो स्पेशल विषयांत. एअरवाल्यांना विमान उडतं कसं, इंजिन, हवामान, नेव्हिगेशन, विमानं ओळखणं आणि एरोमॉडेलिंग, म्हणजे विमानांची छोटी मॉडेलं बनवून उडवणं, असतं, आणि यातलं बरंचसं घरबसल्या, शिवाय जवळजवळ फुकटात शिकता येतं, कसं ते खाली सांगतो. ज्याने शाळेत दोन वर्षं आर्मी विंग केलीय तो कॉलेजात एअर विंगच्या सिलेक्शनला उभा राहिला की लगेच वेगळा दिसतो, कारण बाकीचे सावधान म्हटल्यावर हाताचं काय करायचं हेच शोधत असतात.

नाव घालायचं कसं

शाळा उघडली की पहिल्या पंधरा दिवसांत विचारा, जुलै संपला की जागा भरलेल्या असतात. शाळेत एनसीसी बघणारे सर किंवा मॅडम असतात त्यांना एएनओ म्हणतात, डायरेक्ट त्यांना भेटा, ऑफिसात विचाराल तर नोटीस लागेल म्हणून सांगतात आणि नोटीस लागते तेव्हा तुम्ही घरी असता. सिलेक्शनला पळायला लावतात, उंची बघतात, चार प्रश्न विचारतात. पळायची सवय मे मध्येच सुरू करा, आपल्याकडे घाटी चढायला आहेतच, वेगळं ग्राउंड शोधू नका.

कागद लागतात ते नेहमीचेच, आधार, बोनाफाइड, फोटो, मेडिकल, पालकांची सही, आणि कॅडेटच्या नावाचं बँक खातं, युनिफॉर्मचे पैसे वगैरे त्या खात्यात येतात. इथे माझी रडकथा ऐका. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं, आणि दुसऱ्या ओळखपत्रावर नाव आधी आणि बाबांचं नाव नुसतं एक अक्षर. एका ऑफिसातल्या साहेबांनी फॉर्म परत केला, म्हणाले ही दोन वेगळी माणसं आहेत. मी समोर उभा होतो, एकच माणूस. ते दुरुस्त करून आणेपर्यंत कॅम्पची यादी गेली होती आणि माझा त्या वर्षीचा कॅम्प हुकला, आणि कॅम्प हुकला की सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणून सांगतो, आठवीतच सगळ्या कागदांवर नाव, स्पेलिंग, जन्मतारीख एक करून घ्या, मराठी शाळेतल्या पोरांचं इंग्रजी स्पेलिंग तर तीन ठिकाणी तीन प्रकारचं असतं.

तुमच्या शाळेत एनसीसीच नसेल तर मुख्याध्यापकांना सांगा की स्वखर्चाच्या योजनेतूनही युनिट मागता येतं, पोरं जमली आणि एखादा तरुण शिक्षक एएनओच्या ट्रेनिंगला जायला तयार असला तर काम होतं. तोच तयार होत नाही, ही खरी अडचण.

परेड

आठवड्याला एक-दोन परेड असतात, हजेरी ७५ टक्के लागते, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. ऑर्डर सगळ्या हिंदीत. दाहिने मुड, बाएं मुड, तेज चल, थम. पहिले दोन आठवडे डावं-उजवं चुकणार, सगळ्यांचं चुकतं. ट्रेनिंग द्यायला फौजेतले हवालदार, सार्जंट येतात त्यांना पीआय स्टाफ म्हणतात, ते ओरडतात, मनावर घेऊ नका, परेड सुटल्यावर तेच खांद्यावर हात टाकून घरचं विचारतात. परेड झाली की रिफ्रेशमेंट मिळतं, आणि निम्मी पोरं पहिलं वर्ष त्या सामोशासाठीच येतात हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

कॅम्प

वर्षाचा ट्रेनिंग कॅम्प दहा दिवसांचा. घरापासून दहा दिवस लांब राहायची आपल्या बऱ्याच पोरांची ती पहिली वेळ असते. पहाटे शिट्टी, चहा, पीटी, ड्रिल, क्लास, फायरिंग, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल आणि लाइट्स आऊट. फायरिंग पॉइंट टू टू रायफलने, आडवं पडून, आणि पहिली गोळी कुठे जाते हे कोणालाच कळत नाही. जेवण म्हणजे डाळ, भात, चपाती, भाजी, एखाद्या दिवशी चिकन. मासे विसरा. तिसऱ्या दिवशी आमच्या तंबूतला वेंगुर्ल्याचा एक पोरगा ताटाकडे बघून नुसता "बांगडो" म्हणाला आणि पाचजणं एकदम गप्प झाली.

बॅगेत काय घालायचं ते एएनओ लिहून देतात, त्यात नसलेलं सांगतो, कुलूप, दोरी, जास्तीचे मोजे, सुई-दोरा, आणि मग व प्लेटवर नेलपेंटने नाव, कारण सगळ्यांचा मग सारखाच असतो. आईने दिलेले लाडू पहिल्याच रात्री वाटून टाका, लपवून ठेवलेत तर मुंग्या लागतील आणि शिक्षाही होईल.

वार्षिक कॅम्पमध्ये चांगलं केलं की पुढचे दरवाजे उघडतात. दिल्लीचा रिपब्लिक डे कॅम्प सगळ्यांना माहीत आहे, त्याचं सिलेक्शन टप्प्याटप्प्याने होतं आणि प्रत्येक टप्प्याला पोरं गळतात. एअर विंगवाल्यांचा स्वतःचा ऑल इंडिया वायुसैनिक कॅम्प असतो, त्यात एरोमॉडेलिंग, फायरिंग, ड्रिल अशा स्पर्धा होतात. एक भारत श्रेष्ठ भारत कॅम्पला दुसऱ्या राज्यांतली पोरं भेटतात, आणि सीनियरमधल्या थोड्याच जणांना युथ एक्स्चेंजमधून परदेशातही जायला मिळतं. एअर फोर्स स्टेशनला अटॅचमेंट असते, म्हणजे तिथे जाऊन शिकायचं, तीही सोडू नका, हँगरमध्ये जाऊन विमानाच्या पोटाखाली उभं राहिल्यावर जे समजतं ते पुस्तकातल्या आकृतीतून समजत नाही.

सड्यावरचं ग्लायडर

हा माझा आवडता भाग आहे तेव्हा थोडा पाल्हाळ सहन करा. एरोमॉडेलिंगला खर्च खूप येतो म्हणतात, इंजिनवाल्या आणि रिमोटच्या मॉडेलला येतोही, पण हाताने फेकायच्या ग्लायडरला शे-दोनशे रुपयांच्या वर लागत नाहीत. बाल्सा नावाचं हलकं लाकूड ऑनलाइन मिळतं, नाहीतर थर्माकोलची पातळ शीट घ्या. फूट-सव्वा फुटाचा पंख, मागे छोटी आडवी शेपटी, वर उभी पट्टी, मधे सरळ काठी. पंख मधून किंचित दुमडून दोन्ही टोकं वर उचललेली ठेवायची, म्हणजे ग्लायडर एका बाजूला कलंडलं तरी आपणहून सरळ होतं. घार कधी नीट बघितलीत का, जेटीवर मासळी उतरते तिथे वर गोल फिरत असते, पंख न हलवता.

आता नाकाला वजन. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर दोन बोटांनी उचललं की ग्लायडर आडवं राहिलं पाहिजे. शहरातली पोरं त्यासाठी प्लॅस्टिसिनची मऊ माती लावतात, आम्ही गरवायचं, म्हणजे गळाला बांधतात ते, शिसं लावतो, प्रत्येकाच्या घरी असतंच, दोऱ्याने गुंडाळून टेपने चिकटवायचं. फेकल्यावर ग्लायडर नाक वर करून थबकलं आणि मग धपकन खाली आलं तर वजन कमी आहे, त्याला स्टॉल म्हणतात आणि मोठी विमानंही अशीच पडतात. सरळ नाक खुपसून गेलं तर वजन जास्त. एकावेळी एकच गोष्ट बदला. पोरं शिसंही हलवतात, शेपटीही वाकवतात, जोरही वाढवतात, आणि मग नक्की कशाने सुधारलं हे कोणालाच सांगता येत नाही. मी वही ठेवायला लावतो, प्रत्येक फेकीला एक ओळ.

वेळही महत्त्वाची. भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत ना, ते इथे कामाला येतात. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरून हवा येते, हे खारे वारे. रात्री जमीन लवकर गार होते आणि वारा उलटा, जमिनीवरून समुद्राकडे, हे मतलई. सकाळी मतलई पडतो आणि खारं अजून सुरू व्हायचं असतं, तेवढा वेळ सड्यावर गवताचं पातंही हलत नाही, तेव्हा ग्लायडर ट्रिम करून, म्हणजे वजन आणि शेपटी जुळवून, घ्यायचं. एकदा खारं सुटलं की हलकं ग्लायडर कोणाच्या कलमात जाऊन बसेल सांगता येत नाही, माझं पहिलं चांगलं उडालेलं ग्लायडर शेजाऱ्याच्या हापूसच्या शेंड्यावर दोन महिने होतं. फेकायचं नेहमी वाऱ्याकडे तोंड करून, कारण विमानं उतरतात आणि उडतात तीही वाऱ्याकडे तोंड करूनच.

पावसाळ्यात हे सगळं बंद, बाल्सा दमटपणाने पिळून निघतो आणि फेविकॉल दोन दिवस सुकत नाही. तेव्हा थिअरी वाचा.

विमानं ओळखायला शिका

परीक्षेत विमानाची सावली दाखवून नाव विचारतात. आपल्याला सरावाला आकाश मोकळं आहे. चिपीच्या विमानतळावर एटीआर नावाची प्रवासी विमानं येतात, पंख वर, दोन पंखे, आणि शेपटीचा आडवा भाग उभ्या भागाच्या अगदी वरच्या टोकाला. किनाऱ्यावरून कोस्ट गार्डचं डॉर्नियर जातं, त्याचेही पंख वर आणि पंखे दोनच, पण ते छोटं आणि शेपटीचा आडवा भाग खाली. हे दोन वेगळे ओळखता आले की अर्धी लढाई जिंकली. आणि एखाद्या सुट्टीत वास्कोला नेव्हीचं विमानांचं म्युझियम बघून या, सावंतवाडीवरून एका दिवसात होतं, सी हॅरियर हे लढाऊ विमान जवळून बघायला मिळतं.

कॉलेज निवडताना

दहावी-बारावीनंतर मुंबई-पुण्याला जाणार असाल तर ॲडमिशनच्या आधी कॉलेजला एकच प्रश्न विचारा, एनसीसी आहे का असं नाही, एअर विंग आहे का, आणि मुलींसाठी जागा किती. बऱ्याच कॉलेजांत फक्त आर्मी असते. एफवायला घेतलीत तर तीन वर्षांत सीपर्यंत जाता, एसवायला जाग आली तर सी राहतं.

एअर विंगचं मोठं आकर्षण म्हणजे मायक्रोलाइट फ्लाइंग. दोन सीटचं हलकं विमान, शेजारी इन्स्ट्रक्टर. आता पिपिस्ट्रेल व्हायरस नावाचं स्लोव्हेनियाचं विमान वापरतात. सगळ्यांना सारखं मिळत नाही, युनिटला धावपट्टी कुठली, हवामान कसं, नंबर कधी लागतो यावर असतं. माझा नंबर लागला तेव्हा मला वाटलं होतं खूप भारी काहीतरी वाटेल, पण पहिली पाच मिनिटं फक्त आवाज आणि घाम. मग सरांनी स्टिक हातात दिली, मी ती नारळ सोलायच्या सुळ्यासारखी गच्च धरली, आणि ते म्हणाले दोन बोटांनी धर, ते आपणहून उडतं, तू फक्त मधे येऊ नकोस. ग्लायडर फेकताना मी पोरांना आता तेच सांगतो.

पुढचे रस्ते

एअर विंगच्या सी सर्टिफिकेटवाल्यांना एअर फोर्सच्या फ्लाइंग ब्रँचला एनसीसी स्पेशल एन्ट्री असते, लेखी परीक्षा नाही, डायरेक्ट एसएसबीचा, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाचा, इंटरव्ह्यू. १० टक्के जागा त्यासाठी असतात. ग्रॅज्युएशन लागतं, बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं, वय २० ते २४. दहावीलाच ठरलं असेल तर एनडीए, म्हणजे तिन्ही दलांचे अधिकारी घडवणारी खडकवासल्याची अकादमी, वर्षातून दोनदा परीक्षा, एअर फोर्ससाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, आणि २०२२ पासून मुलीही खडकवासल्यात आहेत. त्याच्या तयारीसाठी राज्य सरकारचीच संस्था आहे, एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट), छत्रपती संभाजीनगरला, १९७७ पासून, दहावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं, मुलींसाठीची नाशिकला आहे. हजारो रुपयांच्या क्लासला जायच्या आधी हिची परीक्षा द्या.

फ्लाइंगसाठी उंची कमीत कमी १६२.५ सेंटिमीटर लागते आणि पायांची लांबीही मोजतात. डोळे आणि रंग ओळखायची टेस्ट नववी-दहावीतच करून घ्या, बारावीनंतर कळण्यापेक्षा तेव्हा कळलेलं बरं.

माझं काय झालं? मैसूरला एसएसबीला गेलो, दोन दिवस ट्रेनने, पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग असतं, बुद्धीचे प्रश्न आणि एक धूसर चित्र बघून गोष्ट लिहायची, मग ती गटात सांगायची. गटात सगळे एकदम बोलत होते आणि मी वाट बघत बसलो की कोणीतरी थांबेल. कोणी थांबलं नाही. दुपारी जेवलो आणि परतीच्या गाडीला बसलो. म्हणून आता दर रविवारी ग्लायडर उडवून झालं की सड्यावरच गोल करून बसतो आणि प्रत्येक पोराला दोन मिनिटं बोलायला लावतो, विषय काहीही, गणपतीचं डेकोरेशनही चालतं. लाजणारी पोरं दिवाळीपर्यंत बोलायला लागतात.

ड्रोनबद्दल बरेच विचारतात. अडीचशे ग्रॅमच्या आतला खेळायला घ्या, पण उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटच्या नकाशावर आपली जागा हिरव्या झोनमध्ये आहे का बघा, विमानतळाच्या आसपास लाल-पिवळा झोन असतो. ड्रोन पायलटचं सर्टिफिकेट १८ वर्षं पूर्ण झाल्यावर, दहावी पास पाहिजे.

युनिफॉर्म आणि आपला पाऊस

एनसीसीची वर्षाची सुरुवात जूनमध्ये, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसात, आणि याबद्दल शहरातला कोणी तुम्हाला सांगणार नाही. टोपीला पंधरा दिवसांत बुरशी येते, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, कागदात गुंडाळून कपाटात वर ठेवा. पितळी बक्कल खाऱ्या हवेने दोन दिवसांत हिरवं पडतं, ब्रासो, म्हणजे पितळेचं पॉलिश, परेडच्या आदल्या रात्री मारा, त्याआधी मारलेलं वाया जातं. एसटीने परेडला जात असाल तर युनिफॉर्म पिशवीतून न्या आणि शाळेत जाऊन घाला. आणि बूट भिजले तर आत पेपर कोंबून पंख्याखाली ठेवा, घाई झाली म्हणून चुलीजवळ ठेवू नका, सोल सुटतो. माझा सुटला होता, पंधरा ऑगस्टला, तेज चलच्या चौथ्या पावलाला, आणि पुढचं पूर्ण ग्राउंड मी तो फट्फट् वाजवत गेलो.